पन्नास मिनिटं मागे

चार लिटरचं गोल काचेचं भांडं,
लग्नात आलेलं, एकदाही न वापरलेलं.
महानंदा म्हणाली, फुलं तरी ठेवा त्यात.
मी म्हटलं, समुद्र ठेवायलाव.
ती हसली नाही.
उदगिरात समुद्रावर कुणी हसत नाही,
पाहिलाच नाही तर हसायचं कशाला.

मीठ पुण्याहून कुरिअरनं आलं,
घरातलं चालत नाही म्हणे.
लिटरला पस्तीस ग्रॅम.
पोतदार सराफाच्या काट्यावर,
काचेच्या पेटीत, पंखा बंद करून मोजलं:
एकशे चाळीस.
'जुन्या तोळ्यानं बारा झालं की हो मन्मथअप्पा,
एवढ्यात एक लेक उजवली असती.'
पण त्यानं घट धरली नाही.

दिवा मी केला.
शिलाई मशीनच्या दिव्याची वाकणारी मान,
खय्यूमच्या भंगारातून कॉम्प्युटरची ॲल्युमिनियमची फणी,
तिच्यावर सहा पांढरे एलईडी, तीन निळे,
वर डाळीची वाटी उपडी.
वाटीला भोक पाडताना ड्रिल घसरलं,
अंगठ्यावर खूण आहे अजून.
गजराच्या घड्याळाची हातोडी आता घंटा वाजवत नाही,
सकाळी सातला दिव्याचा खटका दाबते,
संध्याकाळी सातला सोडते.
पहिल्यांदा लागला तेव्हा
दुकानाच्या पत्र्यावर पाण्याची जाळी हलत राहिली,
आणि गिऱ्हाईक
बिल द्यायचं विसरून वर बघत उभं.

गोटा बसलिंगनं आणला, भाचा माझा,
मालवणात बँकेत आहे.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात,
रात्रभर एसटीत मांडीवर.
गोट्याला चिकटून एक गोगलगाय,
हरभऱ्याएवढी.
ती आणलेली नव्हती. ती आली.

उन्हाळ्यात भांडं रोज बोटभर उतरायचं.
पाणी उडतं, मीठ उडत नाही,
म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं,
काचेवरच्या रेघेपर्यंत.
हे मला चार दिवस वाचून कळलं.
महानंदा म्हणाली, आमटी आटल्यावर
कुणी परत मीठ घालतं का?

डोळ्याला भिंग तसंच लावून
मी दुपारी भांड्यापाशी बसायचो.
गोगलगाय पाण्यातून वर काचेवर चढली,
दोन वाजून दहा मिनिटांनी.
दुसऱ्या दिवशी तीन वाजता.
तिसऱ्या दिवशी तीन पन्नास.
दुरुस्तीच्या वहीत, पोचपावतीच्या मागं,
मी टाचून ठेवलं:
रोज पन्नास मिनिटं मागे पडते.
चाळीस वर्षं हेच काम,
मागे पडणारं घड्याळ म्हणजे
तेल सुकलं, नाहीतर कचरा बसला.
हिला उघडून बघू कुठून?

बसलिंगला फोन केला.
तो बँकेतून बाहेर आला असावा,
मागं वारा ऐकू येत होता.
'मामा, तीन पन्नासला इथं भरती होती.'

मी कुणाला सांगितलं नाही.
चौबाऱ्याजवळच्या माझ्या टपरीएवढ्या दुकानात
मालवणची भरती येते, रोज,
आणि मी सेल बदलतो, पट्टे बसवतो,
पन्नास रुपये घेतो.

तिसऱ्या आठवड्यात ती चुकली.
मग जास्त चुकली.
आता सात वाजता दिवा लागला की चढते,
विझला की उतरते.
माझ्या गजराच्या घड्याळावर चालते, अगदी बरोबर.
इतकी बरोबर की मला
तिच्याकडे बघायची लाज वाटते.

भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळाचा
गोळा मी रात्री खाली सरकवला,
थोडा, मग अजून थोडा.
आठ दिवस लागले जमायला.

गिऱ्हाईक म्हणतं, अप्पा, तुमचंच घड्याळ चुकलंय की.
हो, मी म्हणतो,
आणि वाटीभर गोडं पाणी
रेघेपर्यंत ओततो.